ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं – तीनदा खर्च झाला, आता नव्या डिस्क टाकू का?

कोयनाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ती गाडी घेतलीतच कशाला' या वळणाला लागतो.

कराडहून साताऱ्याकडे जाताना तासवडे टोलनाका दिसला की मी ९० वरून हलकेच ब्रेक लावतो. पाय ठेवला रे ठेवला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. ८० ते ६० मध्ये सगळ्यात जास्त, हातातलं घड्याळ खुळखुळतं इतकं. ५० च्या खाली आलो की गप्प. गावात, बाजारपेठेत कधीच नाही. गंमत म्हणजे करकचून ब्रेक मारला तर कमी जाणवतं, हलका आणि लांबवर धरलेला असेल तर जास्त. ब्रेक न लावता १०० ला गाडी लोण्यासारखी.

आधी बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केलं, काडीचा फरक नाही. मग नवे पॅड टाकले, आठवडाभर बरं वाटलं (बहुतेक मनाचे खेळ). मग दिवाळीच्या सुमारास दोन्ही डिस्क काढून लेथवर मारून (पृष्ठभाग तासून सपाट करून) आणल्या. त्यानंतर मात्र गाडी नव्यासारखी. म्हटलं सुटलो. चार महिन्यांत, साधारण ५ हजार किलोमीटर झाल्यावर, पाहुणा परत दारात.

आता गॅरेजवाला म्हणतो, 'डिस्क वाकल्यात साहेब, नवीन टाका.' टाकतो. पण त्याही पाच हजारात वाकल्या तर?

आळशी_चालक | रविवार, रात्री ९:४०

अलाइनमेंट दुसरीकडून करून घ्या. आमच्याकडे एकजण नुसतं मशीन लावून आकडे दाखवतो, पाना हातात घेतच नाही.

भोचकभवानी | रविवार, रात्री ९:५५

गाडी विका. आठ वर्षांच्या पुढे गाडी म्हणजे पांढरा हत्ती.

(वाचतेय. आमचीही थरथरते.)

पाचवा_गिअर | रविवार, रात्री १०:२०

भवानीताई, दोन्ही वाक्यं एकाच पोस्टमध्ये!

कोयनाकाठ, आधी पुढचं की मागचं ते ठरवा. थरथर हातात येते की बुडाखाली? स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि फ्लोअर हलत असेल, पाय ठेवलेलं ब्रेक पेडल वरखाली होत असेल आणि स्टेअरिंग शांत असेल, तर मागच्या ड्रमवर संशय घ्यायचा.

खात्री करायची तर मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघा. मागे कोणी नाही ना ते आरशात पाहा. ५० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि लिव्हर हळूहळू वर घ्या. बटण सोडायचं नाही, म्हणजे कधीही पटकन खाली टाकता येतं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, तेव्हा गाडी थरथरली तर ड्रम अंडाकृती झालाय, नाही थरथरली तर पुढे बघा. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर हा प्रयोग करू नका, मागची चाकं लॉक झाली की गाडी गिरकी घेते. माझ्या नवऱ्याने एमआयडीसीच्या रस्त्यावर रविवारी केला होता, मी शेजारी बसून देवाचं नाव घेत होते.

आणि हो, जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली टक-टक-टक असं भराभर लागतं ते एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असतं. तो आजार नाही, लोक उगाच गॅरेजला धावतात.

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ७:५०

ताई, सकाळीच करून आलो. हँडब्रेकवर काहीच नाही, गाडी सरळ आणि शांत. पेडलला किंचित जाणवतं, पण मुख्य थरथर हातातच. म्हणजे पुढे.

लेथवाला | सोमवार, दुपारी १:३५

तीस वर्षं भोसरीत टर्निंगचं काम केलं, आता निवृत्त आहे. गाड्यांच्या डिस्क शेकड्याने मारल्या असतील, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

अलाइनमेंटचा यात संबंध नाही. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने खातात. बॅलन्सिंग बिघडलं तर ब्रेक न लावताही थरथर येते. तुमची गाडी ब्रेक न लावता १०० ला गुळगुळीत आहे, म्हणजे टायर, रिम, बॅलन्सिंग ही मंडळी जवळजवळ निर्दोष सुटली.

राहिली डिस्क. 'डिस्क वाकली' असं आम्ही सगळेच म्हणतो, बोलायला सोपं आहे. पण ओतीव लोखंडाची डिस्क पापडासारखी वाकडी होण्याचे प्रसंग फार थोडे. नेहमीचा दोष जाडीतला असतो. डिस्क एका जागी थोडी जाड, एका जागी थोडी पातळ. पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. जाड भाग आला की पकड घट्ट, पातळ भाग आला की सैल. चाकाच्या प्रत्येक फेरीला ब्रेकचा जोर वाढतो-कमी होतो, तो झटका टाय रॉडमधून (चाकाला स्टेअरिंगशी जोडणारा दांडा) स्टेअरिंगला पोचतो. याला फरक किती लागतो? एक-दोन शतांश मिलिमीटर पुरतात. ०.०२ मिमी म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही.

८० ते ६० मध्येच का, तेही सांगतो. तुमच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या जरा आत. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण ११-१२ फेऱ्या मारतं, म्हणजे तितके झटके. पुढचं सस्पेन्शन, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, स्टेअरिंग, हे सगळं मिळून डुलण्याची स्वतःची लय जवळपास तेवढीच असते. झोक्याला बरोबर वेळेला धक्का दिला की झोका चढतो, तसं. वेग उतरला की वेळ चुकते आणि झोका थांबतो. दोष ४० लाही असतोच, फक्त ऐकू येत नाही.

आता तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट: लेथ मारल्यावर पूर्ण बरं झालं आणि पाच हजारांनी परत आलं. तुमचा घाट-बिट रोजचा आहे का? आणि डिस्क परत बसवताना हब कोणी घासला होता का? आठवून सांगा.

कोयनाकाठ | सोमवार, दुपारी २:१०

काका, महिन्यातून दोनदा चिपळूणला जातो, कुंभार्ली घाटाने. सासुरवाडी आहे. पण मी उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच असतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही.

हब म्हणजे डिस्क ज्यावर बसते ते ना? कोणी घासल्याचं बघितलं नाही. डिस्क आली, ठोकून बसवली, चाक लावलं.

आळशी_चालक | सोमवार, दुपारी २:३०

काका, पण माझ्या मित्राची डिस्क खरोखर वाकली होती. ताम्हिणीतून उतरला, खाली ओढ्यात गाडी घातली, चाकांतून वाफ निघाली आणि तिथून पुढे थरथर सुरू.

लेथवाला | सोमवार, दुपारी ४:०५

आळशीराव, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नये हे शंभर टक्के बरोबर. पावसाळ्यात घाट उतरून लगेच धबधब्याखाली गाडी धुणाऱ्यांना मीही ओरडतो. त्या वेळी खरंच वाकली असेल किंवा आधीचाच दोष त्या दिवशी लक्षात आला असेल, मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

घाटाने होणारा आणखी एक प्रकार असतो. लांब उतरून डिस्क लालबुंद व्हायच्या बेतात असताना गाडी पूर्ण थांबवली आणि ब्रेक दाबूनच ठेवला, की पॅडचा मसाला डिस्कला तेवढ्याच जागी चिकटतो. पॅडच्या आकाराचा डाग पडतो आणि पुढे त्या जागेची पकड वेगळी लागते. म्हणून घाटाच्या पायथ्याला थांबायचंच असेल तर थोडं पुढे हळू चालवून गार करायचं, मग थांबायचं आणि ब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची.

पण कोयनाकाठ यांची हकीकत तशी वाटत नाही. घाटातला डाग त्याच दिवशी बोलतो, पाच हजार किलोमीटर थांबत नाही. माझा संशय हबवर आहे.

घाटमाथा_ते_समुद्र | सोमवार, संध्याकाळी ६:२०

कोकणातल्यांचा नेहमीचा अनुभव लिहितो. जून-जुलैत गाडी पंधरा दिवस अंगणात उभी राहिली की डिस्क नारिंगी होते. वरवरचा गंज चार ब्रेकमध्ये निघतो, पण पॅड जिथे टेकलेले असतात तिथे वेगळाच ठसा राहतो आणि तो लवकर जात नाही. आमच्या रत्नागिरीत हे दर पावसाळ्यात. ठसा हलका असेल तर मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा बऱ्यापैकी ब्रेक लावून साफ होतो, नाहीतर लेथ.

कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या पिनाही बघा. खाऱ्या हवेत त्या जाम होतात, मग एकच पॅड घासत राहतो. गाडी चालवून आल्यावर एका रिमला गरम वाफ आणि दुसरी कोमट, असं असेल तर पिना. (डिस्कला हात लावू नका. माझ्या बोटावर अजून खूण आहे.) पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायला सांगा, साधं ग्रीस लावलं की आतलं रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम.

बर्फातला_मराठी | मंगळवार, पहाटे ५:१५

कॅनडातून. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हबच्या गंजाचं दुखणं घरोघरी. वर्षातून दोनदा टायर बदलतो, दर वेळी हबचं तोंड वायर ब्रशने घासायचं हे माझ्याच हाताने होतं. एकदा आळस केला होता, पुढच्या उन्हाळ्यात तुमचीच तक्रार घेऊन उभा होतो. लेथवाला काकांना अनुमोदन.

लेथवाला | मंगळवार, सकाळी ११:००

बर्फातले, धन्यवाद. तेच लिहायला बसलो होतो.

कोयनाकाठ, लेथवर डिस्क तिच्या स्वतःच्या बैठकीवर धरून मारतात. तिथे ती अगदी सरळ फिरते. गाडीवर मात्र ती हबच्या तोंडावर टेकते, आणि तिथे गंजाची पापडी असली की तिरकी बसते. हबचं तोंड साधारण १३० मिमी व्यासाचं आणि डिस्क २४० च्या आसपास धरा. हबच्या एका कडेला ०.०५ ची पापडी असेल तर डिस्कच्या कडेला तो तिरकेपणा ०.०९ होतो. बहुतेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तिरकेपणाची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते.

गंमत अशी की नुसत्या तिरकेपणाने लगेच थरथर येत नाही. कॅलिपर पिनांवर सरकतं, डिस्कबरोबर थोडं डोलतं आणि सांभाळून घेतं. म्हणून लेथनंतर तुम्हाला बरं वाटलं. पण तिरकी डिस्क ब्रेक सोडलेला असतानाही दर फेरीला एकाच जागी पॅडला हलकीशी घासून जाते. हायवेवर ब्रेक न लावता गाडी पळत असते आणि डिस्क तिथे झिजत असते. एका जागी बाहेरून, समोरच्या जागी आतून. हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ पट्टा तयार होतो आणि थरथर सुरू. तुमचे पाच हजार किलोमीटर यातच गेलेत.

नवी डिस्क त्याच हबवर चढवली तर तिचंही हेच होईल. गॅरेजवाला तेव्हा म्हणेल, 'कंपनीचा माल खराब आला.'

नटही तपासा. पंक्चरवाला हवेच्या गनने कर्रर्र करून एक नट प्रचंड घट्ट आणि शेजारचा जरा ढिला करतो. तेवढ्यानेही डिस्क एका बाजूला ओढली जाते. हाताने, समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क पान्याने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

कोयनाकाठ | मंगळवार, दुपारी १२:४०

काका, एक गोष्ट सांगायची राहिली, आता लख्ख आठवली. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा ही गाडी सासुरवाडीच्या अंगणात होती. घर थोडं उंचावर, त्यामुळे इंजिनपर्यंत पाणी गेलं नाही, पण चाकं अर्धी बुडाली होती आणि नंतर आठ-दहा दिवस हलवता आली नाही. घरातला चिखल काढायचा की गाडीकडे बघायचं! सर्व्हिसिंग केलं, ऑइल बदललं, चाकं काढून हब साफ करायचं कोणाच्या डोक्यात येणार?

आणि उजवं पुढचं चाक डिसेंबरात पंक्चर झालं होतं. गन. कर्रर्र.

पाचवा_गिअर | मंगळवार, दुपारी १२:५२

सापडला चोर.

आळशी_चालक | मंगळवार, दुपारी १:१५

अजून सापडला नाही, नुसता संशयित आहे. मोजल्याशिवाय सांगता येत नाही असं काकाच म्हणाले. 🙂

लेथवाला | मंगळवार, दुपारी ३:३०

आळशीराव बरोबर बोलले.

मोजायला दोन वस्तू लागतील: लोहचुंबकाच्या स्टँडवरचा डायल गेज (डिस्क फिरताना किती डोलते ते काट्याने दाखवतो) आणि जाडीसाठी मायक्रोमीटर. व्हर्नियर चालणार नाही, डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते आणि व्हर्नियर तिच्यावरच टेकतो. ओळखीचा टर्नर असेल तर चहा पाजून घेऊन या.

चाक काढायचं, गाडी जॅकवर सोडायची नाही, खाली स्टँड द्यायचा. नट वॉशर घालून परत पिळायचे, म्हणजे डिस्क हबला चिकटून राहील. डायलचं टोक डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवायचं आणि हाताने एक फेरी फिरवायची. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी. चाक काढायच्या आधी ते वर-खाली धरून हलवून बेअरिंगला खेळ आहे का बघा (पुराचं पाणी बेअरिंगलाही गेलेलं असतं), आणि लोअर आर्मच्या बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून रेटून बघा. बुश फाटले असतील तर ते थरथर तयार करत नाहीत, पण थोडीशी असली तर दहापट करून दाखवतात.

डिस्क गंजून बसली असेल तर हातोडा घेऊ नका. बऱ्याच डिस्कना आटे पाडलेली दोन रिकामी भोकं असतात, ती त्यासाठीच. दोन एम ८ बोल्ट आळीपाळीने पिळत जा, डिस्क आपोआप सुटून येते.

भोचकभवानी | मंगळवार, रात्री ८:१०

दोन भोकं! आमच्या मेकॅनिकने मागच्या वर्षी अर्धा तास हातोडा घातला होता. दाखवते त्याला हा धागा.

कोयनाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:२५

उशीर झाला, क्षमस्व. काल शेजारच्या वर्कशॉपमधल्या टर्नरला घेऊन बसलो. सगळा शनिवार गेला, पण असा शनिवार बऱ्याच दिवसांत गेला नव्हता.

डाव्या डिस्कचा तिरकेपणा ०.०४. उजव्याचा ०.१४! डायलचा काटा बघून टर्नर म्हणाला, 'ही डिस्क आहे की भाकरी?' जाडी: डावीकडे आठही ठिकाणी ०.०१ च्या आत. उजवीकडे सगळ्यात जाड २०.६२, सगळ्यात पातळ २०.५९, म्हणजे ०.०३ चा फरक. डिस्कवर किमान जाडी २० मिमी असं कोरलेलं आहे.

उजवी डिस्क त्या दोन भोकांनीच सुटली, टण्ण आवाज करून. हबच्या तोंडावर गंजाचा थर, एका बाजूला पापुद्रे. स्टडच्या (ज्यांवर नट बसतात त्या बोल्टच्या) भोवती तर कवच जमलं होतं, वायर ब्रश तिथे पोचत नव्हता, पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढलं. साफ करून तीच डिस्क परत लावली: ०.०६. एक घर फिरवून, म्हणजे डिस्कचं प्रत्येक भोक शेजारच्या स्टडवर सरकवून लावली: ०.०४. काहीही न बदलता, फक्त घासून आणि फिरवून! बेअरिंग ठीक, बुश ठीक, पिना सुकल्या होत्या त्यांना ग्रीस केलं.

काका, आता ०.०३ चा जो पातळ पट्टा आधीच पडलाय त्याचं काय? परत लेथ की नवी?

लेथवाला | रविवार, संध्याकाळी ७:००

शाबास. हब साफ केला तरी पडलेला पट्टा भरून येणार नाही, तेव्हा थरथर राहणारच. लेथ मारता येईल, २०.४ ला थांबेल, नियमात बसतं. पण तुम्ही महिन्यातून दोनदा कुंभार्ली उतरता. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायला लोखंड कमी, लवकर तापते. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण तुमच्या जागी मी दोन्ही नव्या घेतल्या असत्या, पॅडसकट. एक नवी एक जुनी करू नका.

नवी डिस्क तेल लावून येते, ते ब्रेक क्लीनरने पुसा. बसवल्यावर परत डायल लावा. नवीन आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये थोडं चालवत गार करत, आणि पूर्ण थांबायचं नाही.

कोयनाकाठ | बरोबर साडेतीन महिन्यांनी, शुक्रवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

नव्या डिस्क आणि पॅड टाकले. बसवल्यावर डायल: डावी ०.०३, उजवी ०.०४. नट टॉर्क पान्याने. त्यानंतर ६,२०० किलोमीटर झाले, कुंभार्ली सात वेळा उतरलो, त्यातले दोनदा तुफान पावसात. आज तासवड्याला ९० वरून मुद्दाम हलका, लांब ब्रेक धरला. घड्याळ गप्प.

गेल्या आठवड्यात डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने गन उचलली, मी म्हटलं, 'थांब, माझा पाना आहे.' त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हॉटेलात जाऊन घरून आणलेली चटणी काढली.

भोचकभवानी | शुक्रवार, रात्री १०:४१

आमचीही हब घासून थांबली. गाडी विकत नाही.

आळशी_चालक | शुक्रवार, रात्री ११:०२

काका, भोसरीत डायल गेज भाड्याने मिळतो का कुठे? माझी ७० ला थरथरते.

लेथवाला | शनिवार, सकाळी ६:१५

भाड्याने कशाला, माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी या. आधी सांगा, ब्रेक लावल्यावर की न लावता?